पाणवठ्याचे पान आणि वरची ओळ

एका जंगलात, शके एकोणीसशे चाळीस, वैशाख वद्य सप्तमीला, टिटवीला निवृत्त करण्यात आले.

तिथी मी मुद्दाम सांगतो. गोष्टी सांगणारे 'फार फार वर्षांपूर्वी' म्हणतात, कारण त्यांनी काही लिहून ठेवलेले नसते. मी ठेवले आहे. पंचांगात तेव्हा वसंत ऋतू होता. जंगलात उन्हाळा होता. एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसते. मुलांनो, हे इथेच ध्यानात घ्या. पुन्हा सांगणार नाही.

तर, नदी आटली होती. ओढा आटला होता. जांभळीखालचा एक पाणवठा तेवढा उरला होता. वाघापासून भेकरापर्यंत सगळ्यांना त्याच पाण्यावर यावे लागे. म्हणून पाळी ठरलेली होती. ज्याची पाळी, त्याचे पाणी. दुसऱ्याच्या पाळीत जो येईल, त्याचे तो बघेल.

पाळी कोणाची, हे टिटवी ओरडून सांगे. काठावरच्या धोंड्यावर उभी राहून ती म्हणे, "वाघ पाण्यावर आहे. बाकीचे मागे." ते सगळ्यांना सारखेच ऐकू येई. त्यासाठी कानाला काही जोडावे लागत नसे.

पण जंगलाचा सचिव साळिंदर होता. त्याच्या पाठीवर शंभर लेखण्या होत्या. सही मात्र तो वाघाला विचारून करी. त्याने शेजारच्या जंगलात एक वेबसाइट पाहिली आणि त्याची झोप उडाली.

"टिटवीबाई, आता पाळ्या पानावर येतील," तो म्हणाला.

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही. आवाज जुना झाला."

टिटवीला शाल आणि श्रीफळ देण्यात आले. श्रीफळ तिला उचलेना. ते तिथेच राहिले.

पान विणायचे काम भिवा सुगरणीला मिळाले.

सुगरण हे नाव बाईचे आहे. पण घरटे विणतो तो नर. मादी नुसती येऊन बघते आणि नापसंत करते. भिवाच्या बायकोने त्याची तीन घरटी नापसंत केली होती. चौथ्यात ती राहायला आली. त्यामुळे भिवाला एक सवय लागली होती. कोणी नावे ठेवली नाहीत, की काम बरोबर झाले असे तो समजे.

आता पान कसे बघतात, ते सांगतो. पान बघायला खिडकी लागते. तिला ब्राउझर म्हणतात. पान एकच असते. खिडकी ज्याची त्याची.

या जंगलात तीन खिडक्या होत्या. पाखरे 'फांदी' वापरत. ती हुशार खिडकी होती. तुम्ही काही चुकीचे लिहिले, तरी तुम्हाला काय म्हणायचे आहे ते ओळखून ती नीट दाखवी. हरणे, भेकरे, डुकरे आणि वानरे 'टाप' वापरत. ती आज्ञाधारक होती. सांगाल तेवढेच करी. आणि वाघाकडे 'गुहा' होती.

गुहा ही वाघाच्या आजोबांच्या वेळची खिडकी. सबंध जंगलात ती एकट्या वाघाकडे होती. नवी घ्या म्हटले, तर वाघ विचारी, "का? जुनीत मी दिसत नाही का?" मग जुनीच राही.

भिवाने पान विणले. चार ओळींचे. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला वेळ. पहाट वाघाची. सकाळ भेकरांची आणि हरणांची. सांज डुकरांची. दुपार वानरांची. दुपार शेवटी होती, कारण ती कोणालाच नको होती.

भिवाच्या फांदीत पान झकास दिसले. वाघाच्या गुहेत वरची ओळ घसरून तळाला गेली.

साळिंदर धावत आला. त्याच्या लेखण्या उभ्या राहिल्या होत्या.

"भिवा, महाराज वानरांच्या खाली दिसतायत."

"माझ्याकडे बरोबर दिसतंय, साहेब."

"तुझ्याकडे कोण राहतं? तू. त्यांच्याकडे कोण राहतं? महाराज. आता बोल."

भिवाने नावांचा रकाना एक घर वर ओढला आणि गाठ मारली. गुहेत वाघ वर जाऊन बसला. फांदीने ती गाठ मनावर घेतली नाही. तिथे पान होते तसेच राहिले. टाप मात्र आज्ञाधारक. एक घर वर म्हटले, तिने सगळ्यांना एक घर वर नेले.

ते भिवाने पाहिले नाही. त्याच्याकडे टाप नव्हती.

मग तपासणी झाली. काम सरकारी होते, तेव्हा तपासणी कसून झाली. साळिंदराने सगळ्या जनावरांना बोलावले. त्यांनी एकेकाने वाघाच्या गुहेत जायचे, वाघाच्या कॉम्प्युटरवर पान बघायचे आणि ते बरोबर दिसते की नाही हे सांगायचे. वाघ शेजारीच पडलेला होता.

"बरोबर दिसतंय का?" साळिंदर विचारी.

"फार छान दिसतंय," प्रत्येक जण दारातूनच म्हणे.

एका सशाने तर डोळे मिटलेले होते. त्याचेही मत धरले.

साळिंदराने पाठीवरची एक लेखणी उपटली आणि प्रमाणपत्र लिहिले. 'सर्व खिडक्यांत पान एकसारखे दिसते.' कोणी नावे ठेवली नाहीत. भिवा घरी जाऊन निवांत झोपला.

सप्तमीला टिटवी बंद झाली. पान नवमीच्या पहाटेपासून सुरू व्हायचे होते. मधली अष्टमी कोणाचीच नव्हती. त्या दिवशी पाण्यावर कोणी जायचे, हे जुन्या पद्धतीत बसेना आणि नव्या पद्धतीत आले नव्हते. सगळे जंगल तहानलेले बसून राहिले. ऊन कडक होते. पण शिस्त उत्तम होती.

अष्टमीला तिसऱ्या प्रहरी भिवाच्या बाभळीखाली गिरजाबाई आली.

गिरजाबाई म्हणजे भेकराची मादी. तिचे पाडस आठ दिवसांचे होते. ते आईच्या पोटाखाली उभे होते आणि त्याचे पाय कापत होते.

या गिरजाबाईचे भिवावर एक ऋण होते. मागल्या भादव्यात वादळाने भिवाचे घरटे खाली पाडले. आत तीन अंडी होती. गवतात घोरपड होती. गिरजाबाई आली आणि त्या घरट्यावर चार पाय रोवून उभी राहिली. वादळ थांबेपर्यंत हलली नाही. घोरपड दोनदा आली. दोनदा तिला खूर बसला.

भिवा तेव्हा म्हणाला होता, "गिरजाबाई, हे माझ्यावर ऋण राहिलं."

"ऋण कसलं? वादळात कुठं तरी उभं राहायचंच होतं. इथं राहिले," ती म्हणाली होती.

भिवाने मात्र ते लक्षात ठेवले होते.

तर गिरजाबाई आली आणि म्हणाली, "भिवादादा, तुझं भलं होईल बघ. पहाटेची पाळी दिलीस."

"कोणाला?"

"आम्हाला. माझं दूध आटलंय. पाडसाला कालपासून पोटभर मिळालं नाही. सकाळच्या उन्हात त्याला एवढं चालवलं नसतं. पहाटे नेईन."

भिवा फांदीवरून दोन फांद्या खाली आला.

"पहाट वाघाची आहे, बाई."

"वाघ पानावर नाहीच. आम्ही म्हटलं, महाराज आता उंचावर राहत असतील. बघ की."

तिच्या गळ्यात मोबाइल होता. भिवाने तिच्या खिडकीतून आपले पान पहिल्यांदा पाहिले. पहाटेसमोर भेकरे होती. सकाळसमोर डुकरे. सांजेसमोर वानरे. दुपार रिकामी. आणि वाघ वरच्या मथळ्याच्या मागे दडला होता. नीट पाहिले, तर त्याच्या शेपटीएवढे अक्षर बाहेर दिसत होते.

"हे कोणीच कसं सांगितलं नाही?" भिवा म्हणाला.

"काय सांगायचं? डुकरांना सांज नको होती, त्यांना सकाळ मिळाली. वानरांची दुपार गेली. सगळे तुझं नाव घेतायत."

मुलांनो, चूक तोट्याची असली की तक्रार येते. फायद्याची असली की नमस्कार येतो.

"गिरजाबाई, पान चुकलंय. उद्या पहाटे जाऊ नका."

"मग कधी जाऊ? सकाळी डुकरं येणार. माझं पाडस तुडवतील. सांजेपर्यंत थांबले, तर ते राहील का?" तिने पाडसाकडे बघितले नाही. "आणि पान तूच विणलंस ना?"

"मीच विणलं."

"मग चुकेल कसं? तुझं घरटं खाली पडलं, तरी उसवलं नव्हतं. मी पाहिलंय."

ती गेली. शहाणी होती, पण तिचा भिवावर विश्वास होता. त्याला इलाज नसतो.

सूर्यास्ताला पानाला कुलूप लागायचे होते. मग महिनाभर बदल नाही. भिवाने चोचीने गाठ सोडली. टापेत पान सरळ झाले. मग त्याला आठवले, की गुहेत वाघ तळाला गेला असणार. त्याने गाठ पुन्हा बांधली, जरा सैल. टापेत वाघ दिसू लागला आणि भेकरे गेली. त्याने भेकरे आणली, तर डुकरे पानाच्या बाहेर जाऊन पडली. तेवढ्यात त्याची स्वतःची फांदीही रुसली.

त्याची बायको घरट्याच्या तोंडाशी बसून बघत होती.

"घरटं मी आत बसून बघते," ती म्हणाली. "तू आपला बाहेरून बघतोस आणि म्हणतोस, झालं."

"मग काय करू?"

"जिथं दुखतंय तिथं जाऊन बस."

भिवाने पान होते तसे करून ठेवले आणि गुहेकडे उडाला.

वाघ आडवा पडला होता. साळिंदर त्याच्यासाठी प्रमाणपत्र भिंतीला टोचत होता. त्याला खिळा लागत नसे.

"कोण आहे?" वाघाने विचारले.

"भिवा सुगरण, महाराज. पानाचं काम करतो."

"हळू बोल. झोप पुरी झालेली नाही. उद्या पहाटे उठायचंय."

"महाराज रोज पहाटे उठत नाहीत का?"

"रात्रभर फिरल्यावर पहाटे डोळा लागतो. नेमकं तेव्हाच उठायचं. राजा झालो म्हणून काय काय करावं लागतं."

"मग महाराजांनी पहाट का घेतली?"

साळिंदराच्या लेखण्या उभ्या राहिल्या. वाघाने मात्र विचार केला. त्याला हे कोणी विचारले नव्हते.

"मी पहाट कुठं घेतली? मी वरची ओळ घेतली. तिच्यात पहाट होती."

भिवाने दाराकडे पाहिले. बाहेर सूर्य डोंगराला टेकत होता.

"महाराज, वरच्या ओळीत दुपार ठेवली तर?"

"अरे, दुपार पहाटेच्या वर कशी येईल?" साळिंदर म्हणाला. "दिवसाला काही क्रम आहे की नाही?"

"साळिंदर," वाघ म्हणाला, "क्रम कोणापासून सुरू होतो?"

"महाराजांपासून."

"मग झालं. माझे आजोबा भर दुपारीच पाण्यात बसायचे. शेपटीकडून उतरायचे, हळूहळू. मला लहानपणी फार हौस होती. पण दुपार होती खालच्या ओळीत."

"आणि महाराजांचं नाव?" साळिंदराने विचारले.

"नाव वरच राहील," भिवा म्हणाला. "सोनेरी करतो."

"मोठं कर," वाघ म्हणाला.

भिवा कॉम्प्युटरवर बसला. त्याने फक्त गुहेपुरती एक गाठ मारली. दुसऱ्या कुठल्याही खिडकीला ती दिसणार नव्हती. गुहेत वाघ वर राहिला, सोनेरी, आणि त्याच्यासमोर दुपार आली. तेवढ्यात सूर्य बुडाला. पानाला कुलूप लागले.

साळिंदर चष्मा पुसत जवळ आला.

"हे बाकीच्या खिडक्यांत कसं दिसेल?"

"दिसतंय तसंच दिसेल, साहेब," भिवा म्हणाला. आणि ते खरे होते.

"एकसारखं?"

"साहेबांनी लिहिलंयच की."

साळिंदराने भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचले. वाचून त्याचे समाधान झाले.

नवमीची पहाट झाली.

गिरजाबाई पाडसाला घेऊन जांभळीपाशी आली. पाडस चार पावले चाले आणि बसे. तिने त्याला नाकाने उठवले. पाणी वीस पावलांवर होते.

तेवढ्यात काठावरचा धोंडा ओरडला.

"वाघाची पाळी! मागे फिर!"

धोंडा नव्हे, टिटवी. निवृत्त झाली होती, पण धोंडा सोडला नव्हता. ती पाखरू. तिच्याकडे फांदी. फांदीत अजून पहिलेच पान होते आणि पहाटेसमोर वाघ होता. भिवाने वाघाची खिडकी बदलली. स्वतःची खिडकी बघायला तो विसरला होता.

गिरजाबाई थबकली. टिटवीच्या आवाजावर तिची आई जगली होती, आजी जगली होती. त्या आवाजाने तिला कधी फसवले नव्हते. तिने मोबाइल पाहिला. त्यात पहाट तिची होती. तिने पुन्हा टिटवीकडे पाहिले. पाडस खाली बसले. आता ते नाकाने ढकलूनही उठेना.

भिवा जांभळीवर होता.

"जा, गिरजाबाई," तो म्हणाला.

"काल तूच म्हणालास, जाऊ नका."

"काल म्हणालो."

"आज पान बरोबर आहे का?"

भिवाला हो म्हणता आले असते. तो म्हणाला, "नाही. तीन खिडक्यांत तीन पानं आहेत. पण तू जा."

"त्याला खुळ लागलंय," टिटवी ओरडली. "बाई, माझं ऐक."

भिवा जांभळीवरून खाली आला आणि पाण्याच्या कडेला चिखलावर बसला. सुगरण पाखरू जमिनीवर असे बसत नाही. वाघाच्या पंजाखाली ते बीसारखे फुटेल. तो तिथे पाय रोवून बसला.

"तू पी. मी इथं बसतो," तो म्हणाला.

गिरजाबाईने ते पाहिले. तिला काही आठवले असावे. ती चालू लागली. पाण्याशी पोहोचली आणि तिने मान खाली घातली. टिटवीने चोच उघडली, आणि मिटली.

पलीकडची झुडपे हलली. भिवा हलला नाही. वारा होता.

वाघ गुहेत घोरत होता. त्याचा डोळा नुकताच लागला होता.

गिरजाबाई पुष्कळ वेळ प्याली. मग सावलीत आली. पाडस सरपटत तिच्या पोटाखाली गेले आणि ढुशी देऊ लागले. पहिल्या दोन ढुशांना काही मिळाले नाही. थोडे थांबून तिसरी दिली. तिसरीला त्याचे शेपूट हलले.

सकाळी डुकरे आली. भर दुपारी वाघ शेपटीकडून पाण्यात उतरला आणि मानेपर्यंत बुडून तासभर बसला. "आजोबा," तो एकदा म्हणाला. सांजेला वानरे आली. कोणाची कोणाशी गाठ पडली नाही.

साळिंदराला त्या वर्षी उत्तम पानाचे बक्षीस मिळाले. सगळ्या खिडक्यांत एकसारखे दिसते म्हणून मिळाले. बक्षीस समारंभ गुहेत झाला.

त्या नवमीला गिरजाबाई पाण्यावरून परत जाताना भिवाच्या बाभळीखाली थांबली.

"पाणी गार होतं," ती म्हणाली.

"बरं झालं," भिवा म्हणाला.

ऋण फिटले.

तात्पर्य : पान सगळ्यांना सारखे दिसावे म्हणून जीव काढू नये. मोठ्यांना त्यांचे नाव वर दिसावे आणि बाकीच्यांना पाणी मिळावे. सारखे असल्याचे प्रमाणपत्र सचिव देतो.